मामांचा संगणक आणि न मोजलेला चौथा बदल

मामांचा फोन आला तेव्हा त्यांच्या संगणकाचं काम उरकून मला अकरा दिवस झाले होते. "अगं, हा पुन्हा पहिल्यासारखा रेंगाळायला लागलाय. आणि आठवडाभर केलेल्या दुरुस्त्या गायब आहेत. फाइल जागेवर आहे, पण मी तिला हातच लावला नव्हता अशी दिसतेय."

मामा मुद्रितशोधक आहेत. ऱ्हस्व-दीर्घ, अनुस्वार, तुटलेली जोडाक्षरं यांच्यामागे त्यांची हयात गेली. असा माणूस दुरुस्त्या गायब झाल्या म्हणतो तेव्हा त्या गायबच झालेल्या असतात. मी तरीही पहिला प्रश्न विचारला तो "सेव्ह केलं होतं ना?" हाच. पलीकडून काही क्षण आवाज आला नाही.

हे प्रकरण तपशिलात लिहून ठेवतेय, कारण दोष सापडायला दोन महिने लागले आणि सापडला तेव्हा तो मी बसवलेल्या एकाही भागात नव्हता.

यंत्र, आणि त्या दिवशी केलेलं काम

संगणक २०१४ सालचा. इंटेलचा कोअर आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा मदरबोर्ड (सगळे भाग ज्यावर जोडतात तो मुख्य बोर्ड), ४ जीबी डीडीआर३ रॅमची एकच पट्टी आणि १ टीबीची हार्ड डिस्क. घेतला तेव्हा विंडोज ७ होतं, पुढे त्यावरच विंडोज १० चढवलं. २०२४ पर्यंत अवस्था अशी झाली होती की सकाळी बटण दाबून मामा अंघोळ उरकून येत, तेव्हा कुठे वर्ड उघडायचं.

नवा संगणक घ्यावा का, हा प्रश्न आधी निघाला. टास्क मॅनेजर उघडला तर प्रोसेसर जवळजवळ रिकामा बसलेला आणि डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली. म्हणजे अडत होतं ते डिस्कपाशी. मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या हार्ड डिस्कला एका फेऱ्याला ८.३ मिलिसेकंद लागतात. हवा तो तुकडा वाचायला आधी वाचकाची भुजा योग्य वर्तुळावर जायला हवी, मग तो तुकडा फिरत तिच्याखाली यायला हवा. विंडोज सुरू होताना असे हजारो तुकडे इकडून तिकडून गोळा करावे लागतात. एसएसडी म्हणजे चिपवर माहिती साठवणारी डिस्क. तिच्यात फिरणारं काहीच नसतं, तिला हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जमतं. मामांच्या कामाला चार कोअरचा प्रोसेसर पुरून उरत होता. चालणारं यंत्र नुसतं जुनं झालं म्हणून टाकायचं, हे मला पटत नाही.

ठरवलेले बदल तीन होते: ५०० जीबीची एसएसडी, ४ जीबी रॅमची आणखी एक पट्टी, आणि आतून साफसफाई करून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट, म्हणजे त्याची उष्णता वरच्या कूलरकडे नेणारा लेप, बदलणं.

सुरुवात मामांच्या सगळ्या फाइलींची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन केली. ती झाल्याशिवाय मी स्क्रूड्रायव्हर हातात घेत नाही. मग संगणक बंद करून प्लग भिंतीतून काढला, पुढचं बटण काही सेकंद दाबून धरलं म्हणजे आत साठलेला वीजभार उतरतो, आणि कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातली स्थिर वीज घालवली. धूळ फुंकताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवलं. हवेच्या झोताने पंखा भिंगरीसारखा फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होऊ शकतं. दहा वर्षांत थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती. असा कूलर सरळ वर ओढायचा नाही, आधी किंचित डावी-उजवीकडे पिळून सैल करायचा. पॉवर सप्लायच्या पेटीवरची धूळ मी बाहेरूनच काढली. तिच्या आतले कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीजभार धरून असतात. ती पेटी उघडणं घरगुती कामात बसत नाही.

एच८१ वर रॅमला दोनच खाचा असतात आणि डिस्क जोडायची साटाची चार पोर्टं: दोन ६ गिगाबिटची, दोन ३ ची. हार्ड डिस्क पहिल्या वेगवान पोर्टवर होती ती तशीच राहू दिली आणि एसएसडी दुसऱ्या वेगवान पोर्टवर जोडली. जुन्या डिस्कवरचं विंडोज जसंच्या तसं एसएसडीवर क्लोन केलं. क्लोनच्या आधी फास्ट स्टार्टअप बंद केलं होतं, याचं मोल पुढे कळलं. मग बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी जागा होणाऱ्या मदरबोर्डाच्या प्रोग्राममध्ये, जाऊन बूट ऑर्डरमध्ये, म्हणजे कुठल्या डिस्कवरून सुरू व्हायचं त्या क्रमात, एसएसडी पहिली, हार्ड डिस्क दुसरी, एफ १० दाबून सेव्ह. संगणक अर्ध्या मिनिटात कामाला तयार.

हार्ड डिस्क आतच जोडलेली ठेवली, तिच्यावरचं जुनं विंडोजही पुसलं नाही. "असू दे, अडीनडीला उपयोगी पडेल," असं मामा म्हणाले आणि मी मान डोलावली. पुढच्या सगळ्या गुंत्याला जागा मिळाली ती इथे.

निघताना दारातून आणखी एक गोष्ट सांगितली. वादळाचे दिवस होते. म्हटलं, "मामा, काम झालं की नुसतं शट डाउन करून थांबू नका, भिंतीवरच्या बोर्डावरचं बटणही बंद करत जा." माझ्या वहीत त्या तारखेखाली तीन बदल लिहिलेले आहेत. हा लिहिला नव्हता.

पहिली खेप

फोनवर मी मामांना 'धिस पीसी' उघडून फोटो पाठवायला सांगितलं. फोटोत सी ड्राइव्हची क्षमता ९३१ जीबी दिसत होती. डिस्क बनवणारे हजाराच्या पटीत मोजतात आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून १ टीबीची डिस्क ९३१ जीबी दिसते आणि ५०० ची ४६५. एसएसडीवरून सुरू झालेल्या विंडोजला सी ड्राइव्ह ४६५ चा दिसायला हवा होता. मामा जुन्या हार्ड डिस्कवरच्या जुन्या विंडोजमध्ये बसले होते. तिथलं जग क्लोनच्या दिवशी थांबलेलं, त्यामुळे नंतरच्या दुरुस्त्या तिथे असणं शक्यच नव्हतं. त्या एसएसडीवर सुखरूप होत्या.

मी पोचेपर्यंत मामांनी त्यातली नऊ पानं पुन्हा तपासून काढली होती. कुणाकडे तक्रार न करता, रात्री बसून.

बायोस उघडलं तर बूट ऑर्डरमध्ये हार्ड डिस्क पहिली. मी ठरवून टाकलं की त्या दिवशी माझ्याकडून एफ १० दाबायचं राहिलं असणार. ऑर्डर बदलली, सेव्ह केलं, संगणक पुन्हा झपाट्याने चालू लागला. पण अकरा दिवस तो एसएसडीवरूनच सुरू होत होता, म्हणजे सेटिंग नीट सेव्ह झालेलंच होतं. हा विरोध मला तिथेच दिसला होता. गाडीची वेळ झाली होती म्हणून मी त्याच्याकडे काणाडोळा केला.

दुसरी खेप

सोळा दिवसांनी तेच. आता मी विसरले होते असं म्हणायला जागा नव्हती, कुणीतरी ऑर्डर बदलत होतं. माझा संशय एसएसडीच्या केबलवर गेला. तर्क असा: सुरू होताना एखाद्या वेळी एसएसडी ओळखलीच गेली नाही तर बरेच बायोस तिला यादीतून काढतात आणि पुढच्या डिस्कला पहिलं करतात. मग ती परत दिसली तरी जुना क्रम परत येत नाही. तर्क चुकीचा नाही, असं घडतं. पण तो तपासायची सोय समोर होती. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी स्मार्ट नोंद ठेवते, तिच्यात १९९ क्रमांकाचा एक आकडा केबलवरून येता-जाता बिघडलेल्या माहितीची मोजदाद करतो. केबल खराब असेल तर तो सहसा वाढतो. मामांच्या एसएसडीवर तो शून्य होता.

शून्य पाहूनही मी केबल बदलली. रॅमची पट्टीही नवी म्हणून मेमटेस्ट हा रॅम तपासणारा प्रोग्राम रात्रभर लावून ठेवला, एकही चूक निघाली नाही. सकाळी बूट ऑर्डर नीट केली, संगणक उत्तम सुरू झाला, आणि मी मामांना सांगितलं की केबलच होती.

या प्रकरणातली सगळ्यांत मोठी चूक मी हीच मानते. केबल आणि बूट ऑर्डर एकाच बैठकीत बदलली. संगणक सुधारला तो ऑर्डरमुळे, श्रेय मिळालं केबलला. केबल न बदलता नुसती ऑर्डर लावली असती तरी तो तितकाच छान चालला असता, आणि मग निदान 'दोष अजून सापडलेला नाही' हे तरी ठाऊक राहिलं असतं. चुकीचा उपाय लागू पडल्यासारखा दिसतो तेव्हा तपास तिथेच थांबतो.

तिसरी खेप

पुढे तीन आठवडे शांततेत गेले. मग मामा चार दिवस लेकीकडे जाऊन आले आणि आल्या दिवशीच फोन आला. या वेळी म्हटलं, "मामा, काहीही करू नका. आहे तसा चालू ठेवा, मी येते."

गेल्यावर बायोसमध्ये गेले नाही. जुन्या विंडोजमध्येच बसून इव्हेंट व्ह्यूअर उघडला. विंडोज सुरू झालं की तिथे ६००५ क्रमांकाची नोंद पडते आणि रीतसर बंद झालं की ६००६ ची. फास्ट स्टार्टअप चालू असतं तर या नोंदी रोज पडल्याच नसत्या, कारण तेव्हा विंडोज पूर्ण बंद न होता अर्धवट झोपतं. त्याहून मोठा धोका टळला तो वेगळाच: एक विंडोज असं अर्धवट झोपलेलं असताना दुसऱ्याने त्याच्या डिस्कवर लिहिलं, तर फाइली खरोखर नासू शकतात.

तिन्ही खेपांची सुरुवात या नोंदींत मिळाली, आणि तिन्ही ठिकाणी तारीख एकच होती: १ जानेवारी २०१४. त्या दिवशी आय५-४४६० बाजारातही आला नव्हता. थोड्या पुढे घड्याळ आजच्या तारखेवर आल्याची नोंद.

"मामा, तारीख चुकली होती का कधी?"

"हो, दोन-तीनदा. बँकेचं पान उघडेना, बघितलं तर तारीख भलतीच. मी नीट केली."

"आणि सुरू करताना काही वेगळं दिसलं?"

"त्या दिवशी ते काळ्या पडद्यावरचं इंग्रजी आलं होतं ना. एफ १ नाही तर एफ २ दाबा असं. एफ २ दाबलं की होतो सुरू. पूर्वीही लाइट जाऊन आली की कधीमधी यायचं. त्यात तुला काय सांगायचं?"

त्या पडद्यावर लिहिलेलं असतं की सीमॉसची, म्हणजे घड्याळ आणि बायोसची सेटिंगं जपणाऱ्या चिपची, तारीख-वेळ लागलेली नाही. एफ १ म्हणजे सेटिंगमध्ये जा, एफ २ म्हणजे कारखान्यातली मूळ सेटिंगं भरून पुढे चला. मामा दर वेळी एफ २ दाबत होते. मूळ सेटिंगांत पहिल्या पोर्टवरची डिस्क पहिली धरली जात होती, आणि पहिल्या पोर्टवर होती जुनी हार्ड डिस्क.

मदरबोर्डावर नाण्याएवढा एक सेल असतो, सीआर २०३२. नावातच त्याचं माप आहे: २० मिमी व्यास, ३.२ मिमी जाडी. संगणकाचं घड्याळ आणि अशा मदरबोर्डांवर बायोसची सेटिंगं तो जागती ठेवतो. पण एक बारकावा आहे. संगणक शट डाउन केला आणि बोर्डावरचं बटण चालू राहिलं, तर पॉवर सप्लाय मदरबोर्डाला थोडी वीज देतच राहतो आणि घड्याळ तिच्यावर चालतं. सेलची खरी परीक्षा होते ती भिंतीतली वीज तुटल्यावर.

दहा वर्षं मामांनी बोर्डावरचं बटण कधीच बंद केलं नव्हतं. सेल केव्हाचा खंगला होता, पण त्याच्यावर भार पडतच नव्हता. कधी लांबलचक लाइट गेली तरच तो काळा पडदा दिसायचा. तेव्हा आत डिस्क एकच असल्याने मूळ सेटिंगं भरली गेली तरी बिघडत काही नव्हतं. मी बटण बंद करायला सांगितलं आणि त्या दिवसापासून सगळा भार सेलवर आला. रात्रभराची वेळ तो कशीबशी निभावून न्यायचा. मामा दोन-चार दिवस बाहेर गेले की कोलमडायचा. मागाहून मामांनी रोजनिशी चाळली, तेव्हा तिन्ही खेपांच्या आदल्या किंवा त्याच दिवशी ते परगावाहून परतल्याची नोंद निघाली.

सेल काढून मल्टीमीटर लावला: २.१ व्होल्ट. नवा सेल तीन व्होल्टच्या थोडा वरच दाखवतो.

दुरुस्ती

बायोसच्या प्रत्येक पानाचा फोनवर फोटो काढला, प्लग काढला, पितळी खटका बोटाने मागे सारून सेल उचलला आणि नवा बसवला, अधिकची खूण वर. या कामाला पाच मिनिटं पुरतात.

पण नवा सेलही कधीतरी संपणारच, म्हणून तेवढ्यावर थांबले नाही. दोन्ही डिस्कांच्या केबलींची अदलाबदल करून एसएसडी पहिल्या पोर्टवर आणली. मग मुद्दाम मूळ सेटिंगं भरून संगणक सुरू केला. तो एसएसडीवरूनच उठला. मग बूट ऑर्डर पुन्हा तपासून सेव्ह केली, बोर्डावरचं बटण बंद केलं आणि संगणक तीन दिवस तसाच ठेवला. मामांनी ते तीन दिवस कागदी प्रुफं काढून काम केलं. चौथ्या दिवशी काळा पडदा नाही, तारीख अचूक, सी ड्राइव्ह ४६५ जीबी. या वेळी मात्र प्रत्येक बदलामागे त्याची वेगळी चाचणी होती.

बटणाबद्दलचा सल्लाही सुधारला. रोज बटण बंद करण्यात तोटा नाही, पण वीज कडाडत असताना तेवढ्याने भागत नाही. बहुतेक बटणं एकच तार तोडतात. शिवाय इंटरनेटची केबलही विजेला आत आणू शकते. वादळात प्लग आणि नेटवर्कची केबल दोन्ही काढायची.

खरं कष्टाचं काम पुढेच होतं. दोन विंडोजमध्ये आलटून पालटून काम झाल्याने सतरा फाइलींच्या दोन-दोन आवृत्त्या तयार झाल्या होत्या आणि दोन्हींत खऱ्या दुरुस्त्या होत्या. नवीन तारखेची ठेवा, जुनी टाका, असं करायची सोय नव्हती. हार्ड डिस्कवरच्या काही फाइलींवर २०१४ ची तारीख पडलेली आणि त्याच सगळ्यांत ताज्या. सगळ्याची प्रत बाहेरच्या डिस्कवर घेऊन वर्डमधल्या तुलनेच्या सोयीने प्रत्येक जोडी शेजारी शेजारी लावली. कुठली दुरुस्ती राहील याचा निवाडा मामांनी एकेका ओळीवर बोट ठेवून केला. दोन दिवस लागले. पुन्हा तपासलेल्या त्या नऊ पानांत त्यांना दोन चुका सापडल्या, पहिल्या वाचनात निसटलेल्या. त्याचा त्यांना आनंद झाला.

हार्ड डिस्क मग कॅबिनेटमधून बाहेर काढली. क्लोन केल्यावर पहिल्याच दिवशी ती सुटी करून नुसत्या एसएसडीवर संगणक उठतो का ते पाहायचं असतं. मी ते केलं असतं तर काळा पडदा तरीही आला असता, पण मूळ सेटिंगांना उचलायला दुसरं विंडोजच मिळालं नसतं आणि एकही दुरुस्ती हरवली नसती. दहा वर्षं फिरलेली ती डिस्क आता कपाटात आहे, पण बॅकअप म्हणून मी तिच्यावर विसंबत नाही. त्यासाठी वेगळी नवी डिस्क आहे. मामा दर रविवारी ती जोडतात, प्रत घेतात आणि काढून ठेवतात.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते आणि इंटेलचे प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचे. हा चौथ्या पिढीतला. आडवाटेने ११ चढवता येतं, पण ज्या यंत्रावर मामांचं काम अवलंबून आहे तिथे मी तसं करणार नाही. वाढीव सुरक्षा अद्यतनांसाठी नोंदणी केली आहे, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत पुरेल. तोवर त्यांच्या फाइली आणि फाँट लिनक्सवर कसे दिसतात ते एका जुन्या यंत्रावर पडताळून पाहतेय.

कॅबिनेटच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. एसएसडी, रॅम, थर्मल पेस्ट आणि सेल, प्रत्येकापुढे बसवल्याची तारीख. मी लिहिलेल्या चार ओळींखाली मामांनी आपल्या वळणदार अक्षरात पाचवी घातली आहे: "बोर्डावरचे बटण रोज बंद करणे सुरू", आणि पुढे त्या पहिल्या दिवसाची तारीख. माझ्या चौथ्या ओळीतला 'सिआर' खोडून त्यांनी 'सीआर' केला आहे.